वऱ्हाडचा ‘ऱ’ आणि जगाची सभा

सेमाडोहला भ्रमणध्वनीची रेघ उमटते की नाही, हा प्रश्न वरवर पाहता चिखलदरा तालुक्याचा आहे. फार तर अमरावतीला जाऊन जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यावे, लोकप्रतिनिधींच्या कानावर घालावे आणि वाट पाहावी, अशी आपली समजूत असते. सिपना नदीकाठचे, व्याघ्र प्रकल्पाच्या सागवानी अरण्याने वेढलेले हे कोरकू वस्तीचे गाव कुठे आणि जिनिव्हा-न्यूयॉर्कची सभागृहे कुठे! परंतु कोणत्या रेडिओलहरी कोणत्या कामासाठी वापरायच्या, याची जागतिक वाटणी जिनिव्हास्थित आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या परिषदांत होते. संकेतस्थळाच्या नावात देवनागरीतील कोणती अक्षरे चालतील, हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात नोंदलेल्या ‘आयकॅन’ या संस्थेच्या प्रक्रियेत ठरते. इंटरनेटचा कारभार कोणत्या तत्त्वांनी चालावा, याचे ठराव संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत संमत होतात. दिल्लीचे आणि मुंबईचे निर्णय त्या चौकटीत घेतले जातात आणि मग कुठे सेमाडोहची पाळी येते.

थोडक्यात, सेमाडोहचा प्रश्न जगाच्या सभेत पोहोचला आहे. सेमाडोहचा माणूस मात्र तिथे पोहोचलेला नाही. या सभेत केवळ सरकारांनी बसावे, की भाषातज्ज्ञ, तंत्रज्ञ, शिक्षक, ग्राहक, स्वयंसेवी कार्यकर्ते, उद्योजक अशा सरकारबाहेरच्या घटकांनाही आसन असावे, हा वाद गेली वीस-बावीस वर्षे चालू आहे. आसन असलेच पाहिजे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. परंतु त्याबरोबरच दुसरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ते आसन समाजाने जाऊन भरले पाहिजे. रिकामे आसन फार काळ रिकामे राहत नाही. बड्या कंपन्यांचे वकील तिथे येऊन बसतात.

हरिसालचा धडा

सेमाडोहहून धारणीकडे निघाले की त्याच रस्त्यावर हरिसाल लागते. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या साहाय्याने हे गाव देशातील पहिले ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आणले. दूरचित्रवाणी वाहिन्यांसाठी राखलेल्या, पण वापराविना मोकळ्या पडलेल्या लहरींवरून इंटरनेट पोहोचवण्याचा प्रयोग तिथे झाला. या लहरी झाडीतून आणि उंचसखल भूभागातून इतरांच्या मानाने दूरवर जातात, म्हणून डोंगराळ, अरण्यमय प्रदेशाला हे तंत्र सोयीचे. दूरस्थ वैद्यकीय सल्ला, शाळेत संगणक, शासकीय दाखले गावातच मिळणे, अशी कल्पना त्यामागे होती. पुढे २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत हे सारे प्रत्यक्षात किती उतरले, यावर मोठा वाद झाला. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे.

पण एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या सगळ्या चित्रात ठळक पात्रे दोनच होती: शासन आणि कंपनी. गाव ‘लाभार्थी’ होते. या मोकळ्या लहरी कोणालाही परवान्याविना वापरू द्याव्यात, की दूरसंचार कंपन्यांना लिलावाने द्याव्यात, हा त्या तंत्रामागचा खरा धोरणप्रश्न. त्याचे उत्तर काय येते, यावर एखाद्या ग्रामपंचायतीला किंवा बचत गटांच्या संघाला स्वतःची छोटी इंटरनेट सेवा उभारता येईल की नाही, हे अवलंबून असते. आणि या प्रश्नाची मुळे थेट आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या लहरीवाटपापर्यंत जातात. १८६५ साली तारायंत्राच्या काळात स्थापन झालेल्या या संघटनेत मताचा अधिकार केवळ सदस्यराष्ट्रांना आहे. कंपन्यांना वर्गणी भरून तिच्या कामकाजात भाग घेता येतो. मेळघाटातील ग्रामसभेने वर्गणी कुठून आणायची?

एका अक्षराची गोष्ट

सरकारबाहेरच्या माणसांना सभेत जागा मिळाली तर काय साधते, याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. ‘वऱ्हाड’ हा आपल्या प्रांताचा नामोल्लेखच कागदावर लिहून पाहावा. त्यातला ‘ऱ्ह’ नीट पाहावा. तो रफार नव्हे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे चिखलदऱ्याच्या कड्यावरून दिसतात त्या. ‘आचार्यांना’ नमस्कार करायचा असतो आणि ‘आचाऱ्यांना’ पंगतीचे सांगायचे असते. हा भेद मराठीच्या जिभेवर आहे आणि लिपीतही आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही.

संगणकावर देवनागरीची जी जागतिक संकेतावली वापरली जाते, तिचा पाया भारतातच ऐंशीच्या दशकात तयार झालेल्या ‘इस्की’ या प्रमाणकावर आहे. तरीही हा आडवा ‘र’ उमटवण्यासाठी अनेक वर्षे एक अदृश्य जोडचिन्ह वापरण्याची युक्ती चालू होती. घरगुती टंकलेखनात ते खपून जात असे. संकेतस्थळांच्या नावांत मात्र अदृश्य चिन्ह म्हणजे फसवणुकीला आमंत्रण. डोळ्यांना एकसारखी दिसणारी दोन नावे संगणकाच्या लेखी वेगळी ठरतात. एक पतपेढीचे असते, दुसरे भामट्याचे. त्यामुळे इंटरनेटच्या नामव्यवस्थेच्या अगदी वरच्या पातळीवर अशा अदृश्य चिन्हांना मज्जाव आहे. मग ‘वऱ्हाड’ लिहायचे कसे? तिथे मराठी जाणणारा कोणी बसला नसता, तर ‘वर्हाड’ असा रफाराचा अवतार घेऊन आपल्याला समाधान मानावे लागले असते.

सुदैवाने तिथे मराठी जाणणारे होते. ब्राह्मीपासून निघालेल्या नऊ लिप्यांसाठी आयकॅनच्या प्रक्रियेत ‘नव-ब्राह्मी’ नावाची एक समिती स्थापन झाली. देवनागरी, बांगला, गुजराती, गुरुमुखी, कन्नड, मल्याळम, उडिया, तामिळ आणि तेलुगू या त्या लिप्या. पुण्याच्या ‘सी-डॅक’मधील महेश कुलकर्णी, भाषाशास्त्रज्ञ उदयनारायण सिंह आणि उद्योजक अजय डाटा हे तिचे सहअध्यक्ष. एक शासकीय संस्थेतील तंत्रज्ञ, एक विद्यापीठीय अभ्यासक, एक खासगी व्यावसायिक. कोणते अक्षर कोणत्या अक्षराच्या शेजारी येऊ शकते, कोणती दोन रूपे डोळ्यांना फसवतात, याचा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्षर-अक्षर काथ्याकूट केला. मसुदे जाहीर केले, जगातून हरकती मागवल्या, उत्तरे दिली. अदृश्य चिन्हाऐवजी ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराचे अर्धे रूप वापरण्याची वाट त्यातून मान्य झाली आणि २०१९ साली देवनागरीचे नियम जागतिक नियमावलीत समाविष्ट झाले. आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानी ही वार्ता आली असेल. पण पुढच्या पिढ्यांना इंटरनेटच्या पत्त्यांत मराठी कशी लिहिता येईल, याची मर्यादा त्या कामाने आखली.

या कामाला कोणत्याही मंत्र्याने स्वाक्षरी केलेली नाही. राजदूतांच्या वाटाघाटीत ‘आचार्य’ आणि ‘आचारी’ यांचा भेद कोणाच्या ध्यानी आला असता? त्यासाठी भाषेचा माणूसच हवा. सरकारेतर सहभाग म्हणजे काय आणि तो कशासाठी, याचे याहून सोपे उत्तर नाही.

आसनाचा वाद

आता या सभेचा इतिहास थोडक्यात पाहू. इंटरनेटची नावे आणि क्रमांक यांचे नियोजन करण्यासाठी १९९८ साली आयकॅनची स्थापना झाली. संस्था खासगी, ना-नफा. पण तिच्या डोक्यावर अमेरिकी सरकारच्या वाणिज्य खात्याचा कंत्राटी हात होता. जगाच्या संपर्कव्यवस्थेची किल्ली एका देशाच्या खिशात का, हा प्रश्न भारतासह अनेक देशांनी उपस्थित केला, आणि तो रास्तच होता. त्यातून संयुक्त राष्ट्रांची माहिती समाजविषयक जागतिक शिखर परिषद दोन टप्प्यांत भरली: २००३ साली जिनिव्हाला आणि २००५ साली ट्युनिसला. जिनिव्हाच्या पूर्वतयारीच्या बैठकांत वाटाघाटी ऐन रंगात आल्या की सरकारेतर निरीक्षकांना दालनाबाहेर जाण्यास सांगितले जाई. ज्यांनी ही यंत्रणा बांधली आणि जे ती चालवत होते, तेच बाहेरच्या ओसरीवर!

ही कोंडी फोडण्याच्या कामात एका भारतीयाचा वाटा मोठा होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. संयुक्त राष्ट्रांचे माजी उपमहासचिव नितीन देसाई यांच्या अध्यक्षतेखाली २००४ साली चाळीस जणांचा कार्यगट नेमला गेला. त्यात सरकारी प्रतिनिधी, उद्योग आणि नागरी समाज असे तिन्ही घटक एका मेजाभोवती बसले. इंटरनेटचा कारभार म्हणजे सरकारे, खासगी क्षेत्र आणि नागरी समाज यांनी आपापल्या भूमिकेतून मिळून घडवलेले नियम आणि पद्धती, अशी व्याख्या त्या गटाने केली आणि ट्युनिसमध्ये ती स्वीकारली गेली. तिथूनच ‘इंटरनेट कारभार मंच’ जन्माला आला. त्याची पहिली सभा २००६ साली अथेन्सला झाली. तिसरी भारतात, हैदराबादला, डिसेंबर २००८ मध्ये. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याला जेमतेम आठवडा लोटला असतानाही भारताने ती सभा पार पाडली.

या मंचावर कोणीही यावे, बोलावे, अशी मुभा आहे. परंतु तिथे निर्णय होत नाहीत, चर्चा होते. निर्णय होतात ते महासभेत आणि आंतरसरकारी परिषदांत. २०२४ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला ‘जागतिक डिजिटल करार’ संमत झाला, तेव्हा हाच अनुभव आला. आरंभी सर्वांची मते मागवली गेली. प्रत्यक्ष मजकुरावरची घासाघीस मात्र सरकारी प्रतिनिधींमध्ये झाली. डिसेंबर २०२५ मध्ये शिखर परिषदेच्या वीस वर्षांचा आढावा महासभेत पूर्ण झाला आणि इंटरनेट कारभार मंचाला कायमस्वरूपी स्थान मिळाले. पाऊल स्वागतार्ह आहे. पण कायमचे झाले ते बोलण्याचे ठिकाण. तिथले बोलणे निर्णयाच्या मेजापर्यंत कोणत्या वाटेने जाणार, हा प्रश्न उरतोच.

भारताची वाटचाल

याबाबत आपल्या देशाची भूमिका सरळ रेषेत गेलेली नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये भारताने महासभेत पन्नास राष्ट्रांची एक समिती स्थापण्याचा प्रस्ताव मांडला. इंटरनेटची धोरणे या समितीने ठरवावीत, अशी कल्पना होती. अमेरिकी वर्चस्वाला शह, हा हेतू समजण्यासारखा होता. पण समितीत बसणार होती ती सरकारेच. इतरांची भूमिका सल्ल्यापुरती. देशातूनच टीका झाली, कारण प्रस्ताव मांडण्यापूर्वी देशातल्या जाणकारांशी पुरेशी चर्चा झाली नव्हती. पुढे २०१२ साली दुबईच्या दूरसंचार परिषदेत ८९ देशांनी नव्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. भारताने केली नाही. जून २०१५ मध्ये तत्कालीन दूरसंचार मंत्री रविशंकर प्रसाद यांनी आयकॅनच्या सभेला दिलेल्या संदेशात बहुघटक पद्धतीला भारताचा पाठिंबा जाहीर केला. राष्ट्रीय सुरक्षेच्या बाबतीत सरकारची भूमिका सर्वोच्च राहील, हेही त्यांनी त्याच वेळी स्पष्ट केले. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकी वाणिज्य खात्याचे कंत्राट संपले. २०२१ च्या नोव्हेंबरात भारताचा स्वतःचा इंटरनेट कारभार मंच सुरू झाला.

याच काळात समाजाने आपली शक्ती एकदा दाखवून दिली. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने इंटरनेटच्या तटस्थतेसंबंधी चर्चापत्र प्रसिद्ध केले आणि दहा लाखांहून अधिक नागरिकांनी पत्रे धाडली. नंतर फेसबुक कंपनीची ‘फ्री बेसिक्स’ योजना आली. गरिबांना फुकट इंटरनेट, असा तिचा गोड चेहरा. पण कोणती संकेतस्थळे फुकट दिसणार, हे व्यासपीठाचा मालक ठरवणार. कंपनीने आपल्या सदस्यांकडून साचेबंद मजकुराचे पाठिंब्याचे संदेश पाठवून घेतले. प्राधिकरणाने त्यावर उघड नापसंती नोंदवली. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावी दरआकारणीला बंदी घातली गेली. जगातील एका बलाढ्य कंपनीला भारतात माघार घ्यावी लागली ती कशामुळे? शासकीय यंत्रणेने दार उघडे ठेवले होते आणि समाज त्या दारातून आत आला होता, म्हणून. दोहोंपैकी एकही गोष्ट नसती, तर निकाल वेगळा लागला असता.

सार्वभौमत्वाचा आक्षेप

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. देशाचे प्रतिनिधित्व जनतेने निवडलेले सरकार करते. स्वयंसेवी संस्थांना कोणी निवडून दिले? परक्या पैशावर चालणाऱ्या संस्था भारताच्या नावाने परदेशी सभांत बोलू लागल्या तर? आणि ‘बहुघटक’ हा शब्द प्रत्यक्षात अमेरिकी कंपन्यांचा मुखवटा ठरला तर?

यातली शेवटची भीती निराधार नाही. आयकॅन आजही कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली आहे. पैशाची ताकद तिथे बोलते. इंटरनेट पत्त्याच्या शेवटी येणाऱ्या नव्या नामप्रत्ययांसाठी २०१२ साली अर्ज मागवले गेले, तेव्हा एका अर्जाचे शुल्क १ लाख ८५ हजार डॉलर होते. एकंदर १,९३० अर्ज आले. त्यांपैकी रोमन सोडून जगातील इतर सर्व लिप्यांचे मिळून अवघे ११६. अरबी, चिनी, रशियन, देवनागरी, सगळे त्यातच. नव्या फेरीसाठी हे शुल्क २ लाख २७ हजार डॉलर ठरले आहे. गरजू अर्जदारांना सवलत असली, तरी आकडा बोलका आहे. दार सर्वांना उघडे असले, तरी उंबरठा किती उंच आहे, हेही पाहावे लागते.

पण या भीतीवरचा उपाय दार बंद करणे हा नव्हे. सरकारे एकटी बसली म्हणून कंपन्या गप्प बसत नाहीत. त्या पडद्याआडून मंत्रालयांशी बोलतात आणि मग त्यांचे म्हणणे सरकारी कागदावर उमटते. उघड्या सभेत निदान कोण काय बोलले, हे नोंदले जाते. तेव्हा मागणी अशी असावी की, उद्योग आणि समाज यांना ‘सरकारेतर’ या एकाच गोणीत कोंबू नये. प्रत्येकाने आपण कोणाच्या वतीने बोलतो आणि आपला खर्च कोण करतो, हे आधी जाहीर करावे. मग परक्या पैशाची भीतीही उजेडात तपासता येईल.

राहिला मताधिकाराचा प्रश्न. सार्वजनिक धोरणाचा अंतिम अधिकार सार्वभौम राष्ट्रांचा, हे ट्युनिसच्या दस्तऐवजातही मान्य आहे. तो अधिकार कोणी मागत नाही. मागणी आहे ती मत देण्यापूर्वी ऐकण्याची आणि ऐकून काय घेतले, काय नाकारले, याची कारणे देण्याची. राष्ट्र म्हणजे केवळ राज्ययंत्रणा नव्हे. भाषा, ज्ञान, कारागिरी, संस्था हे सारे समाजाचे धन आहे आणि ते समाजाजवळच असते. ज्या शिष्टमंडळाच्या पाठीशी हे धन उभे असते, त्याचा शब्द जगात वजनदार ठरतो. सार्वभौमत्व त्याने दुबळे होत नाही, बळकट होते.

मेळघाटाने काय शिकवले?

हे तत्त्व परकीय आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने मेळघाटातच यावे. १९७३-७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हा देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. वाघ वाचला पाहिजे, यात दुमत नव्हते. पण अरण्याचे निर्णय वनखात्याने घ्यायचे आणि अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनी ते ऐकायचे, या रीतीने खाते आणि गाव यांच्यात दुरावा वाढला. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला अधिकार दिले. चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके त्यात येतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काची वाट मोकळी केली.

मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर नावाचे छोटे गाव आहे. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर गावकऱ्यांनी उजाड टेकड्या राखल्या, पाणी अडवले, सीताफळांची विक्री स्वतः उभी केली. शासनाच्या योजना होत्या, एका स्वयंसेवी संस्थेची साथ होती आणि निर्णय ग्रामसभेचा होता. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार या गावाला मिळाला. शासनाची मालकी त्यामुळे बुडाली काय? उलट, जे राखणे एकट्या खात्याला जमत नव्हते, ते गावाच्या भागीदारीने जमले. इंटरनेट हेही आजचे असेच सामायिक रान आहे. त्याच्या राखणीचे नियम करताना त्यात वावरणाऱ्यांना विचारावे, एवढीच अपेक्षा आहे.

याच संदर्भात कोरकू भाषेचा विचार मनात येतो. २०११ च्या जनगणनेनुसार सात लाखांहून अधिक लोकांची ही मातृभाषा. मुंडा कुळातली, संथाळीची बहीण. संथाळीला २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले, कोरकूला नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘डॉट भारत’ हा देवनागरी पत्ता सुरू झाला तेव्हा हिंदी, मराठी, कोकणी, बोडो, डोगरी, मैथिली, नेपाळी आणि सिंधी अशा आठ भाषांसाठी तो असल्याचे जाहीर झाले. या सर्व भाषा परिशिष्टातल्या आहेत. राज्ययंत्रणा यादीने चालते. तो तिचा स्वभावच आहे. यादीबाहेरच्यांचे गाऱ्हाणे कोण मांडणार? ते काम समाजाचेच आहे. सेमाडोहच्या शाळेतल्या मुलाची भाषा उद्या पडद्यावर दिसावी, त्या भाषेत बोललेले यंत्राला उमजावे, असे वाटत असेल, तर त्या मुलाच्या वतीने बोलणारा कोणीतरी सभेत हवा.

करायचे काय?

सरकारकडून अपेक्षा मोजक्याच आहेत. जागतिक वाटाघाटींत भारत कोणती भूमिका मांडणार, तिचा मसुदा आधी देशात प्रसिद्ध व्हावा, आणि तो केवळ इंग्रजीत नव्हे तर मराठीसह भारतीय भाषांत. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत एकही भारतीय भाषा नाही. निदान घरातली चर्चा तरी घरच्या भाषेत व्हावी. नियामक प्राधिकरण जसे चर्चापत्र काढते, आलेल्या सूचना प्रसिद्ध करते, तशीच रीत परराष्ट्र आणि माहिती-तंत्रज्ञान खात्यांनी अंगीकारावी. शिष्टमंडळात भाषातज्ज्ञ, ग्रामीण इंटरनेट पुरवठादार, अपंगांच्या संस्थांचे प्रतिनिधी, शिक्षक यांना नियमाने स्थान द्यावे. दिल्ली-मुंबई-बंगळूरूबाहेरच्या माणसाला तिथवर पोहोचण्याचा खर्च परवडत नाही. त्यासाठी पारदर्शक निवडीने प्रवासनिधी द्यावा. आणि भारताने जागतिक पातळीवर असा आग्रह धरावा की, सरकारेतर घटकांच्या सूचनांचे काय केले, याचा लेखी खुलासा प्रत्येक कराराच्या मसुद्याबरोबर जोडला जावा.

परंतु सगळे सरकारवर सोपवून आपण मोकळे झालो, तर या लेखाचा उद्देशच हुकेल. आयकॅनच्या मसुद्यांवर कोणीही घरबसल्या हरकत नोंदवू शकतो. सामान्य वापरकर्त्यांसाठी तिथे स्वतंत्र विभाग आहे, नवख्यांसाठी शिष्यवृत्ती आहे, अनेक सभांत दूरस्थ सहभागाची सोय आहे. भारताच्या इंटरनेट कारभार मंचाची सभाही नागरिकांसाठी आहे. या ठिकाणी मराठी माणूस किती दिसतो? आपल्या शहरांत संगणक अभियंत्यांना तोटा नाही, भाषाप्रेमींना तर नाहीच. दोघांची गाठ मात्र क्वचित पडते. अभियंता म्हणतो, व्याकरण माझा विषय नव्हे. प्राध्यापक म्हणतात, संगणक आमचा प्रांत नव्हे. ‘ऱ’ सारखी अक्षरे या दोघांमधल्या फटीतच हरवतात. ‘ॲ’ हे मराठीच्या नित्य वापरातले अक्षर; त्याला जागतिक संकेतावलीत स्वतंत्र स्थान मिळायला २००८ साल उजाडावे लागले, हे विसरून चालणार नाही.

या कामासाठी अमरावती जिल्ह्याइतके योग्य स्थान दुसरे कोणते? महानुभावांच्या रिद्धपूरला, मराठी गद्याच्या आद्य ग्रंथाशी जोडलेल्या त्या भूमीत, राज्याचे मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. अभिजातपणाचा सोहळा झाला. आता त्या दर्जाला साजेसे काम हवे. रिद्धपूरच्या विद्यापीठाने जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांना बरोबर घेऊन एक अभ्यासगट स्थापावा. देवनागरीसंबंधीचा, भाषांसंबंधीचा, लहरींसंबंधीचा जो जागतिक मसुदा येईल, त्याचे मराठीत टिपण करावे, मेळघाटातील शिक्षकांना आणि ग्रामसभांना ते दाखवावे, कोरकू जाणणाऱ्यांना त्यात बसवावे आणि ठरलेल्या मुदतीत लेखी मत पाठवावे. वर्षाला दोन मते पाठवली तरी पुरे. याला फार मोठा निधी लागत नाही, नेमाने बसणारी दहा माणसे लागतात.

संघटित कामाची सवय असलेल्या वाचकांना ‘नेमाने बसणे’ या शब्दांचे मोल वेगळे सांगायला नको. सभेत उशिरा येणाऱ्याला उरलेली जागा मिळते आणि न येणाऱ्याच्या वतीने दुसराच कोणी बोलतो. जगाची ही सभा आता कायमची भरली आहे. तिथे मराठीचे, कोरकूचे, वऱ्हाडचे आसन राखण्यासाठी आपल्यातले कोण निघणार, हे प्रत्येक गावातल्या, प्रत्येक महाविद्यालयातल्या जाणत्यांनी आजच ठरवावे.